जागा भरलेली आहे

तीन फुटांचं कपाट सव्वा फुटाच्या जागेत बसत नाही.

*

गेटवरच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: ही व्यक्ती आधीच आत आहे. ती बाहेर उभी होती. हातात डबा, खांद्याला पर्स. मग आत कोण होतं?

*

पट्टा क्रमांक तीन. विनंती: थोडं पुढे सरकायचं आहे. उत्तर: नाही. जागा भरलेली आहे.

*

सासूबाईंनी मिठाची बरणी उचलली, खालचा ओटा पुसला, बरणी जिथल्या तिथे ठेवली, आणि मागे वळून विचारलं, "बरणी कुणी हलवली?"

*

टेबलावर एक हेडफोन. काळा, नवाकोरा, वायरीची गुंडाळी अजून सोडलेली नाही. तिने तो मागवला नव्हता.

*

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलं आणि दोन दिवसांत आलं. यातलं काय कशामुळे झालं हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने आधी कपाळाला हात लावला असता. तेव्हा हेडफोनपासून सुरुवात करू, कारण तिला खरी धास्ती त्याचीच होती.

ऑफिसात सगळे तिला चौकीदारीण म्हणत, तेही तोंडावर. तिला राग येत नसे, कारण काम तेच होतं. एक भलंमोठं यंत्र असतं. त्याच्या पोटात आणखी बरीच यंत्रं नांदतात, पण ती लोखंडाची नसतात, नुसत्या आज्ञांची बनलेली असतात. प्रत्येकाची समजूत अशी की हे घर आपल्या एकट्याचं आहे. त्यांना पाहुणे म्हणतात. पाहुण्यांची उठबस बघणारा जो प्रोग्रॅम, तो हायपरवायझर. ऑफिसात त्याला यजमान म्हणायची पद्धत पडली होती. यजमान प्रत्येक पाहुण्याला मेमरीचे पट्टे तोडून देतो आणि पट्ट्यांना नंबर घालतो. पाहुणे गप्प बसतात थोडेच. कुणाला नवा पट्टा हवा असतो, कुणाला जुना नकोसा होतो, कुणाला आहे तोच इकडून तिकडे सरकवायचा असतो. असं काही मागणं आलं की ते आधी तिच्या तपासणीपाशी थांबे. पट्टा आखून दिलेल्या हद्दीवरच सुरू होतो का? सरकवायच्या नावाखाली लांबी वाढवून घेतोय का? आणि जिथे जायचं म्हणतो तिथे आधीच कुणी आहे का? तीनही उत्तरं नीट आली तर पुढे जा, नाहीतर परत फिर.

पाच वर्षं घरी काढून ती पुन्हा कामावर आली होती. त्याच ऑफिसात, कार्डाच्या त्याच जुन्या नंबरावर, एकतीस. तपासणी हे परतल्यावरचं तिचं पहिलं काम, अथपासून इतिपर्यंत तिने एकटीने लिहिलेलं. आणि आज त्याच तपासणीने एका दंतवैद्यांच्या मोठ्या दवाखान्याचा पाहुणा दारात अडवला होता. सकाळपासून तो उठतच, म्हणजे सुरूच होत नव्हता. उठताना तो पडद्यावरचं चित्र ठेवायचा आपला पट्टा, क्रमांक तीन, जरासा पुढे सरकवायला मागायचा, आणि तपासणी म्हणे, जागा भरलेली आहे.

"कुणी भरलीय?" मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे टीमचे प्रमुख. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना ते बोटाने हवेत बरोबर-चूकच्या खुणा करत, म्हणून मास्तर.

"बघते."

"उद्या संध्याकाळपर्यंत बघा. नाही सापडलं तर तपासणी बंद करून पाहुणा उठवू. दवाखानेवाले माझा जीव खातायत."

"बंद केली तर कुणीही कुणाच्याही जागेत घुसेल."

"ते खरं. पण आत्ता कुणीच कुठेच घुसत नाहीये, त्याचं काय?" मग ते हेडफोनकडे न बघता म्हणाले, "तक्रारीच्या फोनवर माणसं कमी आहेत. तिथेही चांगलं काम असतं. म्हणून ठेवलाय तो. घाई नाही."

घाई नाही म्हणजे उद्या संध्याकाळ, हे तिला कळलं.

*

आता त्या दिवशी तिने काय केलं ते.

तिने तपासणीला एक ओळ शिकवली: नुसतं भरलेली आहे म्हणू नकोस, मागणारा कोण आणि बसलेला कोण, दोघांचे नंबर सांग. तपासणीने सांगितलं. मागणारा: तीन. बसलेला: तीन.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. एकच नंबर दोनदा छापला जातोय. म्हणजे छपाईत चूक झाली असणार, असं म्हणून ती छपाई दुरुस्त करत बसली. दुपारचं जेवण झालं, चहा झाला. शेजारच्या टेबलावरचा उंट (मान लांब, आणि पाणी दिवसातून एकदाच प्यायचा) दोनदा येऊन डोकावून गेला.

"ताई, मिळाला का बसणारा?"

"बसणारा दिसत नाही, आणि छपाई खोटं बोलतेय."

"छपाई खोटं कशाला बोलेल? तिला काय पडलंय?"

"मग तू सांग, तीनच्या जागेत तीन कसा बसेल?"

उंटाने मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे. "मी माझ्या नकाशाचं बघतो बुवा," म्हणाला आणि गेला.

उंटाचा नकाशाही इथेच सांगायला हवा, कारण पुढे घोळ त्याचाच आहे. प्रत्येक पाहुण्याचे दोन नकाशे असतात. एक रोजचा. दुसरा अडीअडचणीचा: वीज गेली, यंत्र तापलं की पाहुणा घटकाभर या दुसऱ्या नकाशावर जातो, आवराआवर करतो आणि परत येतो. तो दुसरा नकाशा उंटाच्या ताब्यात होता. या यजमानाच्या घरचा नियम असा, की एका नकाशातल्या पट्ट्याने दुसऱ्यातल्या पट्ट्यावर पाय द्यायचा नाही. म्हणून तिची तपासणी दोन्हीकडचे पट्टे एका रांगेत उभे करून बघत असे.

संध्याकाळी घरी जाताना तिच्या डोक्यात घंटा वाजत होत्या. तीन. तीन.

*

"उठला का गं तुझा तो पाहुणा?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई. तो म्हणतो सरकायचंय, तपासणी म्हणते जागा नाही."

"कोण बसलंय तिथे?"

"कुणीच नाही. तोच तर घोळ आहे."

"कुणी नाही तर बसू दे की त्याला."

"तपासणी म्हणते आहे कुणीतरी."

"तपासणी लिहिली कुणी?"

"मी."

"मग स्वतःलाच विचार. मला कशाला सकाळ-संध्याकाळ कोड्यात टाकतेस? आणि ही बरणी कुणी हलवली?"

"तुम्हीच आत्ता ओटा पुसलात."

"पुसला. पण हलवली कुठे? आहे तिथेच तर आहे." सासूबाई बरणीकडे पाहत राहिल्या.

आतल्या खोलीत नवरा टेप घेऊन जमिनीवर पालथा पडला होता. लेकीच्या टेबलावरच्या दिव्यासाठी प्लग हवा होता आणि प्लग नेमका कपाटामागे. कपाट एक फूट बाजूच्या भिंतीकडे सरकवलं की काम झालं. त्याने कपाटापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं, टेप बघितली, डोकं खाजवलं आणि उठून बसला.

"नाही जमत. कपाट तीन फुटांचं आहे आणि इथे मोकळी जागा फक्त सव्वा फूट."

"मग?" सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मग काय, तीन फुटांचं कपाट सव्वा फुटात कसं घालू? तूच सांग."

"अरे, ते आत्ता उभं आहे ती जागा कोण घेऊन जाणार आहे?"

नवऱ्याने कपाटाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग टेपकडे पाहिलं, जणू काही तिनेच त्याला फसवलं होतं.

"बाबा, तुम्ही इंजिनिअर आहात ना?" लेक म्हणाली.

"पुलांचा. पूल सरकवत नाहीत."

चौकीदारीण मात्र हसली नाही. ती त्या कपाटाकडे टक लावून बघत होती. नवी जागा आणि जुनी जागा, मधले दोन फूट दोन्हीत सारखेच. तिथे कोण बसलंय? कपाटच बसलंय. आणि कपाटालाच तिथे जायचंय.

"छपाई खरं बोलत होती," ती म्हणाली.

"कोण?" नवरा म्हणाला.

"तीन तीनच्याच वाटेत उभा आहे. मी त्याची तुलना त्याच्याशीच करत होते."

"बरं," नवरा म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'बरं' कुठे म्हणायचं हे त्याला कळत होतं. "आता एक बाजू धर."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट नेहमीप्रमाणे म्हणालं, ही व्यक्ती आधीच आत आहे. परत रुजू झाल्यापासून ते रोज हेच म्हणत होतं आणि वॉचमन रोज जाता-येता हाताने फाटक उघडत होता.

"मॅडम, आज कायमचा निकाल लावला," तो म्हणाला. "एकतीस नंबर दिसला की गेटने काही विचारायचं नाही, असं टाकून दिलंय. परत लावा कार्ड."

तिने कार्ड लावलं. गेट गुपचूप उघडलं.

"पण मी आत आहे असं त्याला का वाटत होतं?"

"आता नाही ना वाटत? मग झालं."

ती घाईत होती. तिला पटलं.

वर जाऊन तिने तपासणीत एकच ओळ घातली: रांगेतला पट्टा मागणाऱ्याच्याच नंबरचा असेल तर त्याला सोडून पुढे जा. पाहुणा उठला. दवाखान्याचा पडदा उजळला, त्यावर दातांचं एक चित्र आलं, आणि टीममध्ये कुणीतरी टाळी वाजवली. मास्तरांनी हवेत बरोबरची खूण केली आणि फोन उचलला. "हो हो, झालं. संध्याकाळी नवी तपासणी पाठवतो. सगळ्यांनाच पाठवतो."

इथे ती खूश होती. फार वेळ नाही, पण होती. हेडफोन तिने टेबलाच्या कडेला ढकलला.

*

जेवून परत आली तर तिच्या टेबलाशेजारी स्टुलावर एक माणूस उभा. डोकं छताच्या जाळीत, हातात पान्हा. एसीवाला.

"तुम्हाला आणायला कोण आलं होतं खाली?" तिने विचारलं. बाहेरच्या माणसाला न्यायला कुणालातरी खाली जावं लागे. नाहीतर गेट त्याला तासभर ताटकळत ठेवी.

"कुणी नाही. आज गेटने विचारलंच नाही, ताई. कार्ड लावलं, उघडलं. म्हटलं, सुधारलं वाटतं."

"असं कसं उघडेल?"

"मला काय ठाऊक? थंड होतंय ना आता?"

"तुमचा नंबर काय?"

"एकतीस."

"एकतीस माझा आहे."

"असेल की. तुमचा ऑफिसातला एकतीस. आमची बाहेरच्यांची यादी वेगळी, तीही एकपासूनच सुरू होते." तो खाली उतरला, स्टूल पुसलं. "सही कुठे घेऊ?"

तिने सही केली. काय लिहिलंय ते वाचलंही नाही. एकतीस नंबर दिसला की काही विचारायचं नाही. कुणाचा एकतीस? ती शेजारच्या टेबलाकडे वळली.

"उंटा," ती म्हणाली, "तुझ्या नकाशात तीन नंबरचा पट्टा आहे?"

"आहे ना. गेल्या आठवड्यात नव्याने नंबर घातले. शून्य, एक, दोन, तीन..."

"पाचशेपासून का नाही घातलेस?"

"पाचशेपासून कशाला घालू? माझे पट्टेच चार आहेत."

तिने एक खोटा पाहुणा उभा केला. त्याला म्हणाली, रोजच्या नकाशातला तुझा तीन उचल आणि थेट अडचणीच्या नकाशातल्या तीनवर नेऊन ठेव. हे मागणं कुठल्याही शहाण्या चौकीदाराने हाकलून दिलं असतं. तपासणीने रांग बघितली. पहिला तीन, मागणाऱ्याच्याच नंबरचा, सोडून दे. दुसरा तीन, तोही त्याच नंबरचा, सोडून दे. जागा मोकळी आहे, जा.

पाहुणा गेला. मग तिने त्याची वीज गेल्याची बतावणी केली. तो घाईघाईने अडचणीच्या नकाशावर गेला, तर त्याच्या आवराआवरीच्या जागी पडद्यावरची रंगीत रेघोटी भरलेली. बिचाऱ्याने तीच आज्ञा समजून पाळायला घेतली आणि तिथेच कोलमडला. वर काही लिहून गेला, तेही तिला वाचता येईना.

कालपर्यंत तिची तपासणी नको त्याला नाही म्हणत होती. आज ती नको त्याला हो म्हणत होती. यातलं जास्त वाईट कुठलं हे ती ठरवू बघत होती, आणि दर वेळी उत्तर बदलत होतं. एक मात्र पक्कं होतं: काल निदान तक्रार आली होती. आजच्या चुकीची तक्रार यायला वीज जावी लागली असती.

मास्तर खिडकीशी उभे राहून चहा पीत होते. सगळ्यांना पाठवायची तयारी झाली होती. एक बटण दाबायचं उरलं होतं.

न सांगता चाललं असतं का? तिने टेबलाकडे पाहिलं. हेडफोन कडेला तसाच होता, पडेल की काय असा.

"मास्तर, ते पाठवू नका."

"का?"

"चुकलंय. माझंच."

"सकाळी म्हणालात बरोबर आहे."

"सकाळी मी नंबर बघितला. नंबर कुठल्या यादीतला ते बघितलं नाही. नंबर म्हणजे माणूस नव्हे."

"माणूस कुठून आला मध्येच?"

"पट्टा. पट्टा म्हणायचं होतं मला. एसीवाला आला होता ना, त्यामुळे..." तिने त्यांना पडद्यापाशी नेलं आणि तो खोटा पाहुणा पुन्हा एकदा मारून दाखवला.

मास्तरांनी बघितलं. बोट वर गेलं आणि कुठलीच खूण न करता हवेत राहिलं.

"हे दवाखान्यात झालं असतं?"

"वीज गेल्यावर. त्याआधी सगळं छान दिसलं असतं."

"तपासणी बंद ठेवली असती तर?"

"तरी झालं असतं. तपासणी असूनही होतंय, हे जास्त लाजिरवाणं."

"दुरुस्ती?"

"दोन्ही बघायचं. नकाशा कुठला आणि नंबर कुठला. दोन्ही जुळले तरच तो स्वतः. नाहीतर परका."

"हे आता तरी बरोबर आहे?"

तिने विचार केला. खरं सांगायचं तर तिला काल दुपारपासून कशाचीच खात्री वाटत नव्हती. मिठाची बरणी जागेवर आहे की नाही याचीसुद्धा नाही. "आत्ता बरोबर वाटतंय," ती म्हणाली. "उंटाला मोडायला देते. त्याला नाही मोडता आलं तर पाठवा."

उंटाने मान लांब करून संध्याकाळपर्यंत ती तपासणी मोडायचा प्रयत्न केला. तीनवर तीन नेला. स्वतःवरच अर्धा सरकवला. नसलेल्या पट्ट्याला हलवायला सांगितलं. प्रत्येक वेळी तपासणी जिथे हो म्हणायला हवं तिथे हो म्हणाली आणि जिथे नाही तिथे नाही. "ताई, आता ही माझ्याशीही नीट वागतेय," उंट म्हणाला. त्याला ते जरा लागलं असावं.

मास्तरांनी दवाखान्याला फोन लावला. "हो, सकाळी झालं म्हणालो होतो. आता खरंच झालं. नाही, तेव्हा खोटं नव्हतं बोललो... बरं, तेव्हाही झालं होतं, पण वेगळं झालं होतं." फोन ठेवून ते तिच्या टेबलापाशी आले. हेडफोन उचलला, वायरीची गुंडाळी न सोडता तशीच बोटाला अडकवली आणि चालू लागले.

"तक्रारीच्या फोनवर कोण जाणार मग?" उंटाने विचारलं.

"तू बोलतोस फार," मास्तर म्हणाले.

*

खाली तिने वॉचमनला सांगितलं, "दादा, एकतीसला सोडून द्यायचं काढून टाका. त्यात बाहेरचेही येतात."

"मग तुम्ही उद्या अडकाल."

"अडकू दे. तुम्ही आहातच उघडायला."

"गेट म्हणणार, तुम्ही आधीच आत आहात."

"म्हणू दे. पण मला अजून कळत नाही, मी आत गेले कधी?"

"ते नाही सांगता येत, मॅडम. गेटला आत गेलेलं कळतं आणि बाहेर गेलेलं कळतं. त्याच्या मते तुम्ही बाहेर गेलाच नाहीत."

ती हसली. आज पहिल्यांदाच कार्ड लावून बाहेर पडली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, आणि तिने ती दोनदा वाचली: बाहेर गेली.

घरी कपाट एक फूट सरकलेलं होतं, लेकीचा दिवा लागला होता, आणि भिंतीवर जिथे कपाट होतं तिथे फुटभर रुंदीची एक पांढरी पट्टी उघडी पडली होती. सासूबाई मिठाची बरणी शोधत होत्या. ती त्यांच्या हातातच होती.

*

पाच वर्षांपूर्वी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, लिफ्ट बंद होती आणि तिचे पाय सुजले होते, म्हणून ती मागच्या उताराच्या दाराने बाहेर पडली. त्या दाराला कार्ड लागत नाही.